राखून ठेवलेले नमस्कार

मोरितासान रिकाम्या खुर्च्यांनासुद्धा वाकून नमस्कार करत. इंगोलश्टाटमधल्या एका चर्चच्या तळघरात दर गुरुवारी आमची तालीम असे. गाणं संपलं की ते आणि बँडमधले बाकीचे जपानी एका रांगेत उभे राहून कमरेतून वाकत. समोर कोण, तर घडीच्या खुर्च्या! मी एकदा फिसकन हसलो, तर आपल्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "पाटीलसान, आज खुर्ची आहे, उद्या माणूस असेल. सवय मोडायची नाही."

हे गृहस्थ आमच्याच कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासायचे. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर टक्कल, आणि काँगा नावाचे ढोल वाजवायला बसले की अगदी बेभान. बँड साल्साचा, गाणी अस्सल स्पॅनिश. ती भाषा त्यांनी निव्वळ गाण्यांतून उचललेली, त्यामुळे सगळा कारभार प्रेमभंगाचा. कॅन्टीनमध्ये मार्ता नावाची कोलंबियन आचारीण होती. तिने सूप संपल्याचं सांगितलं, की हे छातीवर हात ठेवून स्पॅनिशमध्ये म्हणत, "निर्दये, मग मी जगू कसा?" मार्ता पोट धरधरून हसे. तिथेच एकदा त्यांनी मला टेबलावर तबला बडवताना पाहिलं आणि माझ्या हातात क्लावे दिले. क्लावे म्हणजे ठेका धरायच्या दोन लाकडी काठ्या.

सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई तालीम बघून म्हणाल्या, "अहो, माणसं जपानी, गाणं स्पॅनिश, गाव जर्मन, आणि मध्ये आमचे जावई! काय म्हणावं या मिसळीला?"

मोरितासानांना एकच ध्यास होता, मार्ताने आमच्या गाण्यावर नाचावं. "टाळ्या काय, जर्मन लोक देतातच. पण जिच्या गावचं गाणं, तिचे पाय हलले तर मी पास!" मार्ता प्रत्येक कार्यक्रमाला यायची, पहिल्या रांगेत बसायची, पण हाताची घडी काही सोडायची नाही. अशात त्यांची जपानला बदली झाली. गावच्या उन्हाळी जत्रेतला कार्यक्रम शेवटचा ठरला. मग मात्र त्यांनी तिला सरळ विचारलंच.

"जरा अंगात येतंय, तोवर तुम्ही थांबून वाकता!" मार्ता फाडकन म्हणाली. "नाचणाऱ्याला खाली बसवता तुम्ही. आणि हा पाटील! प्रत्येक गाण्याला कुलूप घालतो."

खोटं नव्हतं. लहानपणी तबला शिकलेला मी. तिहाई घेऊन समेवर धाडकन आल्याशिवाय गाणं संपलं असं मला वाटतच नाही. मी तिहाई घेतली की ते वाकायचे.

मोरितासानांचा चेहरा पडला. "ऐकणाऱ्याचे आभार तिथल्या तिथे मानावेत, असं वडिलांनी शिकवलंय." बराच वेळ टक्कल चोळून मग म्हणाले, "गेनाऊ. अगदी बरोबर आहे तिचं. तुम्ही समेवर यायचं नाही, मी वाकायचं नाही. दोघांनी कळ काढायची."

जत्रेत पहिलं गाणं संपत आलं तसे माझे हात शिवशिवायला लागले. तिकडे त्यांची मान खाली जाताना मला स्पष्ट दिसली. पण पठ्ठ्याने ती ताठ केली आणि ओरडून पुढचं गाणं उचललं. त्याला जोडून तिसरं. मार्ताची घडी सुटली. तिने पर्स सासूबाईंच्या मांडीवर टाकली आणि उठली! अशी नाचली म्हणता! थोड्या वेळाने तिने सासूबाईंनाही ओढलं, आणि त्यांनी चक्क पदर खोचला. मोरितासान विरहाचं गाणं गात होते, डोळ्यांतून धारा, आणि तोंडभर हसू. इतका सुखी माणूस मी क्वचितच पाहिलाय.

पुढच्या आठवड्यात मी आणि मार्ता त्यांना सोडायला म्युनिकच्या विमानतळावर गेलो. आत जायच्या आधी त्यांनी बॅग खाली ठेवली आणि मार्तापुढे वाकले. वाकले ते वाकलेलेच. लोक ट्रॉल्या वळवून बाजूने जायला लागले.

"पुरे आता, विमान चुकेल," मार्ता डोळे पुसत म्हणाली.

मान वर न करता ते म्हणाले, "थांबा जरा. त्या दिवशीचे सगळे राहिलेत."