आभाराचं काम माझ्याकडे

शाळेत कुठलाही कार्यक्रम असो, आभार मानायचं काम माझ्याकडे असतं. अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मी न अडखळता मानते. म्हणूनच माझ्या नवऱ्याच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, शेवटी आभार तुम्हीच माना. तुमाला सवय हाय."

मला संताप आला. कुणाचे मानू? आजारपणात याच दिरांनी दवाखान्यात एकदा तोंड दाखवलं, ऑक्सिजनच्या नळीसकट भावाचा फोटो काढला, स्टेटसला ठेवला आणि पुन्हा फिरकले नाहीत. नणंदेचे गुडघे नेमके तेव्हाच दुखायला लागले. हे गेल्यावर शाळेतल्या बायका मला पाहिलं की आवाज खाली आणायच्या, आणि कुणाकडे डोहाळजेवण असलं की मला सांगायचं तेवढं राहून जायचं. विहारात सगळं अनित्य आहे असं ऐकवायचे. तिथे ते पटतंही. सकाळी एकच कप चहा टाकताना पटत नाही.

आमच्या धम्मात आभार मानायला वर कुणी देव बसवलेला नाही. मानायचे तर माणसांचे, आणि माणसं ही अशी.

राहिली शेजारीण. पोरांच्या शिक्षणासाठी हसनाबादकडून जालन्याला आलेलं शेतकरी घर. गल्लीत नळ एक, पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, त्यामुळे आमचं भांडण जुनं. हे गेल्यावर पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा बायकांनी मला वाट करून दिली. "भरू द्या बिचारीला." मी हंडा लावला, तर मागून ती कडाडली.

"ओ मॅडम, नंबर माझा हाय. माणूस गेलं, मला बी वाईट वाटून राह्यलंय. पण म्हून नंबर न्हाई सोडणार. रडायला घर हाय, इथं बराबर लाइन लावायची."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या, तिनंही माझं काही बाकी ठेवलं नाही. घरी आले तेव्हा भूक लागली होती. कित्येक दिवसांनी मी पोटभर जेवले.

पुढे वर्षभर हेच. पाणी आलं की ती माझ्या दारावर थापा मारायची. "मॅडम, पाणी आलं! मंग म्हणू नका सांगितलं न्हाई." मी नळावर पोचले की भांडण सुरू. बऱ्याचदा मी अंथरुणातून उठले ती केवळ तिला नंबर मिळू नये म्हणून.

स्मृतिदिनाला भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. मग भाषणं झाली. दवाखान्यात न आलेले सगळे मायेनं बोलले. माइक माझ्याकडे आला. पहिल्या रांगेत दीर मोबाइल रोखून बसले होते, शेजारीण पार मागे चपलांजवळ. तोंडपाठ वाक्यं काही केल्या तोंडातून निघेनात.

"या वर्षात एकाच बाईनं मला बिचारी म्हटलं नाही," मी म्हणाले. "ती माझ्याशी भांडत राहिली. तिचे आभार. बाकी कुणाचे मला मानता येणार नाहीत."

दिरांनी मोबाइल खाली केला. शेजारीण चपला घालता घालता फणकारली, "एवढ्या लोकांत मला भांडकुदळ ठरवलं!" आणि खीर न घेताच गेली.

मग ती माझ्याशी बोलेना. होतं ते एक माणूसही मी माझ्या तोंडानं घालवलं, या विचारानं मला घरात सुचेना. पुढच्या खेपेला पाणी आलं तेव्हा गल्लीत हंड्यांचा आवाज ऐकू आला. माझ्या दारावर थाप नाही. मी उठले नाही. वर कुणी आहे असं मी कधी मानलं नाही, पण ही बाई येईल यावर माझी श्रद्धा होती, हे मला तेव्हा पडल्या पडल्या कळलं.

मग दार दणाणलं.

"ओ मॅडम! जित्या हाव का गेल्या? पाणी आलं!"

"न्हाई गेले," मी आतून ओरडले, "आणि नंबर माझा हाय!"