रक्त पिणाऱ्या बाईची बाजू

वरच्या मजल्यावरच्या काकू नेहमी रक्त पिणाऱ्या बाईची बाजू घ्यायच्या. पिशाचांच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत शेवटी पुरुषमंडळी कंदील आणि छातीत ठोकायचा लाकडी खुंटा घेऊन तिच्या कबरीपाशी येतात. वाचत तिथे पोहोचलो की काकू पुस्तक पालथं ठेवत आणि म्हणत, "आले हिचे हितचिंतक."

आम्ही मस्कतला, अल मवालेहच्या भाजीबाजाराच्या मागच्या इमारतीत राहायचो. अब्बा बाजारातून पिकअप भरून पलीकडच्या बरका गावातल्या दुकानांना भाजी पोचवायचे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मस्कतच्या एका खाजगी कॉलेजात मी इंग्रजी घेतलं होतं, आणि दुसऱ्या वर्षी मॅडमनी निबंधाला विषय दिला: पिशाचकथांतल्या स्त्रिया, त्यांची इच्छा आणि सत्ता. ते जुनं इंग्रजी मला झेपेना. अम्मीने मला वर पाठवलं, कारण काकू पुण्याच्या, इंग्रजीत एम.ए. झालेल्या. काका एका कंपनीत इंजिनियर होते. अम्मीची अट एकच, मगरिबची अजान व्हायच्या आत खाली यायचं. दिवेलागणीला असल्या बायांचं नाव काढायचं नाही.

काकूंचं वाचन स्वयंपाकघरात चाले. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताने आमटी ढवळायची. मध्येच थांबून त्या मराठीत सांगायच्या. "बघ, चावण्याआधी ही काय करते? पाहुण्यांना चहा देते, पत्रं लिहिते, बेशुद्ध पडते. चावल्यावर पहिल्यांदा भूक लागली बाईला, तर तेवढ्यावरून घाबरले सगळे." मारून टाकल्यावर तिचा चेहरा किती शांत, किती पवित्र दिसत होता, असं वर्णन आलं की त्या डाव ओट्यावर ठेवून म्हणत, "आता आवडली ह्यांना."

मी कच्च्या मसुद्यात लिहिलं होतं की पिशाच झाल्यावर ती बाई ताब्यात राहत नाही. काकूंनी विचारलं, "कुणाच्या?" मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"तेच लिही," त्या म्हणाल्या. "आणि सत्तेचं म्हणशील, तर पुरुष पिशाचाकडे किल्ला असतो, जमीन असते, हुकूम मानणारे असतात. हिच्याकडे भूक सोडून काय आहे? तरी भीती हिचीच जास्त."

पुरुष पिशाचालाही शेवटी मारतातच की, असं मी चाचरत म्हटलं.

"मारतात. पण त्याला सुधारायला कुणी जात नाही."

मला ते तेव्हा पूर्ण पटलं होतं की नाही, आजही नक्की सांगता येत नाही.

एकदा वाचताना पिशाचाचा नियम आला: घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. काकू हसल्या. "म्हणजे माझ्यासारखंच. ह्यांनी बोलावलं म्हणून मी या देशात." त्यांचा व्हिसा काकांच्या नावावर होता, जसा आमचा अब्बांच्या. मग त्यांनी सांगितलं की जवळच्या शाळेत इंग्रजीला शिक्षिका हवी होती, पण बी.एड. नाही म्हणून त्यांना घेतलं नाही. बी.एड.ला पुण्याला जावं लागणार, आणि सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की व्हिसा रद्द.

काका त्या दिवशी लवकर आले. मी टेबलाशी लिहीत होते. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि बी.एड.ला पुण्याला जायचंय, असं सरळ सांगून टाकलं.

"तुला इथे काय कमी आहे?" काका म्हणाले.

"कमी काही नाही. मला हवंय."

काका बूट काढता काढता थांबले. मी वही उचलून खाली आले. अजानला अजून वेळ होता.

पुढच्या महिन्यात काकूंचं पुण्याचं तिकीट निघालं. नवरा आखातात आणि बायको गावी, अशी घरं आमच्या रत्नागिरीकडे गल्लोगल्ली आहेत. पण बायको शिकायला जाते आणि नवरा मागे राहतो, हे इमारतीत कुणाला समजेना. अम्मीला वाटलं, संसार मोडला. ती सांदणांचा डबा घेऊन वर गेली, मी मागोमाग.

"भांडण झालाय काय, भाभी? आमचे हे बोलतील भाईंशी."

"भांडण नाही हो. कॉलेजला चाललेय."

"ह्या वयात?"

"मागच्या बाकावर बसेन. कुणाला दिसणार नाही."

अम्मी हसली, पण खाली येऊन डोळे पुसत होती.

निबंध मी एकटीने पुरा केला. आमच्या इथे इंटरनेटवरच्या कॉलना बंदी होती, म्हणून काकू आवाज रेकॉर्ड करून पाठवायच्या. मागे पुण्याच्या रिक्षांचा गोंगाट आणि त्या सांगतायत की वर्गातल्या मुली त्यांना आजी म्हणतात.

सहा महिने उलटल्यावर एका शुक्रवारी काका खाली आले. वरणाला फोडणी वरून द्यायची की आधी, हे त्यांना अम्मीला विचारायचं होतं. अम्मीने आधी व्हिसाचं विचारलं.

"खलास झाला," काका म्हणाले.

"दुसरा काढाल ना?"

"ती यायचं म्हणाली तर काढीन. आधी विचारावं लागेल तिला."

अब्बा जेवत होते. काका गेल्यावरही अब्बांचा हात भातातच राहिला होता. मग ते माझ्याकडे वळले. "कॉलेज झाल्यावर तुझ्या मनात काय हाय?"

हे मला घरात आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "विचार करून सांगते, अब्बा."

"कर," ते म्हणाले. "घाई नाय."