वैऱ्याच्या हातचं पाणी

महाराष्ट्र नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. नांदुऱ्याला आमच्या ओसरीवर गल्लीतली पोरं जमायची, प्रत्येक जण एकेका राज्याचा वीर व्हायचा आणि गोष्ट मी सांगायची. डोंगर, राक्षस, वैरी राजा, सगळं माझ्या तोंडून. वार लागला की हुकला, हे मात्र अर्धे फोडलेले पाच चिंचोके ठरवायचे. फेकायचे आणि पांढऱ्या बाजू मोजायच्या.

एवढ्यावर आम्ही खूश होतो. पण माझ्या थोरल्या भावाला सगळ्यात मीठमसाला लागायचा. घायाळ वीर दुसऱ्या दिवशी टुणटुणीत उठतात, हा काय पोरखेळ, म्हणे. मग त्याने आणखी काही नियम काढले. हवे त्याने घ्यावेत, पण एकदा घेतले की माघार नाही. जखम रात्रीत भरणार नाही. आणि सोबत्याने पाचही चिंचोके पांढरे पाडेपर्यंत जखमी वीराच्या तोंडात पाण्याचा थेंब जाणार नाही. हे नियम घेतले फक्त त्यानेच. खेळाला रंगत आली, खोटं कशाला बोलू.

त्याचा वीर खिंडीत घायाळ होऊन पडला आणि पाठोपाठ हा तापाने पडला. मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. डॉक्टरांनी बजावलं, उकळलेलं पाणी आणि पेज पोटात जात राहिली पाहिजे, नाहीतर काही खरं नाही. आणि या शहाण्याने दात घट्ट मिटले.

"माह्या वीराले पाणी नाही, तं मले कसं चालन?"

आधी वाटलं, तापात बरळतोय. पण ताप जरा उतरला तरी तेच. बाकीच्या पोरांना घरात येऊ देत नव्हते, म्हणून सोबती मीच. खाटेशेजारी बसून मी चिंचोके फेकत राहिले. देवाचं नाव घेऊन फेकले, शिव्या घालून फेकले. एक तरी काळा पडायचाच. त्याचे ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते, तरी दर वेळी मान वळवून तो पांढरे मोजायचा. मला इतका राग आला की एक ठेवून द्यावीशी वाटली, आणि हा जातो की काय अशी भीतीही वाटली.

आईने त्याच्या दातांत चमचा घालून पाहिला. पाणी गालावरून उशीत गेलं. ती रडकुंडीला आली आणि तिने जमिनीवरचे चिंचोके हातानेच उलटे केले. "घे, झाले पांढरे."

"माय, हे फेकले नाहीत. मांडले."

या खेळाला आजवर तिने रिकामे धंदे म्हणूनच नावं ठेवली होती. तिने चिंचोके गोळा करून माझ्या हातात दिले. मग मला विचारलं, "याच्या वीराले पाडलं कोनं?"

"वैरी राजानं."

"तो कोन झाला हाय?"

"कोनी नाही. गोष्टीतला हाय तो."

"मंग मले घे खेळात. मी वैरी." पाण्याची वाटी घेऊन ती खाटेवर टेकली आणि भावाला म्हणाली, "सोबत्याले चिंचोके लागतात. वैऱ्याले काय लागते?"

भावाने आढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नियम त्यानेच केले होते, आणि वैऱ्यासाठी एकही केला नव्हता.

"काहीच नाही," तो म्हणाला आणि तोंड उघडलं.

घोट घोट करत त्याने वाटी संपवली. मग त्याने बारीक आवाजात विचारलं, "आता मले मारशीन?"

"मारीन," आई म्हणाली. "पहिले बरा हो."

आणि तिने मला चुलीवरची पेज आणायला पाठवलं.