कुत्र्याच्या गळ्यातला माझा पट्टा

तारापूरच्या खाडीकाठी मी तीन-साडेतीन वर्षं एकटा राहिलो. विजेच्या कारखान्याचं बांधकाम नुकतं सुरू झालं होतं आणि मी तिथल्या स्टोअरात कारकून होतो. आमच्याकडचे, घाटावरचे सगळे बोईसरला चौघांत एक खोली करून राहत. मला ते नको होतं, म्हणून मच्छीमारांच्या वस्तीत एका होडीवाल्याच्या घरामागची खोली घेतली. एकटेपणा मीच मागून घेतला आणि मला तो पेलला नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे केलं ते त्यातूनच.

होडीवाल्याचा एक तांबडा कुत्रा होता. तो होडीवरच जायचा. परतताना होडी भरतीसाठी खाडीच्या तोंडाशी थांबे, तेव्हा हा उडी टाकायचा आणि पोहत घरी यायचा. दारात येऊन त्याने अंग झाडलं की होडीवाल्याची बायको चुलीवरचं भांडं उतरवून मासळीच्या पाट्या उचलायची.

"काकी, तुमची तार आली गो!" शेजारणी ओरडायच्या.

"आली, पन भिजून आली," काकी म्हणायची.

किनाऱ्याला जाण्याआधी ती दोन तांबे गोडं पाणी त्याच्या अंगावर ओतायची आणि गोणपाटाने पुसायची. घाई असली तरी हे चुकायचं नाही. रात्री कानामागे करंजाचं तेल. "खारं पानी अंगावर वाललं का कातडं उकलतं," ती मला सांगायची. एवढं झालं की कुत्रा माझ्या उंबऱ्यावर येऊन पडायचा. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललेलं नसायचं. मी त्याच्याशी बोलायचो.

पावसाळ्यात होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात. त्या वस्तीत त्याच दिवशी कुत्र्यांच्या गळ्यातल्या दोऱ्याही सोडतात. श्रावणी पुनवेला होड्या पाण्यात जाईपर्यंत कुणाच्या गळ्यात काही बांधायचं नाही. मला ती एक गंमत वाटली होती.

त्या आषाढात नवरा-बायको लेकीच्या बाळंतपणासाठी दातिवऱ्याला गेली. जाताना काकी म्हणाली, "भाऊ, हा तुमच्याजवल ठेवते. पवल्याबिगर तो ऱ्हायाचा नाय. आला का गोडं पानी घाला, पुसा. आन गल्यात काय बांधू नका."

पहिल्या दिवशी मी कामावरून आलो तर कुत्रा नव्हता. खाडीवर काकीला शोधत बसला होता. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी माझा जुना कमरेचा पट्टा काढला, खिळ्याने त्याला नवं भोक पाडलं, त्याच्या गळ्यात बांधला आणि दोरीने दाराशी अडकवला. मला परत आल्यावर दारात कुणीतरी हवं होतं, एवढंच. दोरी तो रोज चावून तोडी, पोहून येई, मी पाणी घाली, पुशी. पट्टा मात्र सोडला नाही. स्टोअरातला एक हमाल येऊन बघून म्हणाला, "बाबूजी का कुत्ता एकदम साहब लगता है." मला ते आवडलं.

तीन आठवडे तो पट्टा वाळला नाही. खोलीत वास येई, तो मी सुक्या मासळीचा समजलो. कुत्रा मान भिंतीला घासू लागला तेव्हा वाटलं, गोचीड असेल.

एका सकाळी ओटीवर काकीचा आवाज आला. मी घाईघाईने पट्टा सोडला. केस आणि खालचं कातडं त्याच्याबरोबरच आलं. पट्टा मी ट्रंकेमागे टाकला.

काकी खाली बसली आणि तिने त्याची मान हातात धरली. "ह्ये काय झालं, भाऊ? गल्यात काय बांधला व्हता?"

"नाही," मी म्हटलं. "पाण्यात फार जायचा. खरूज असेल."

ती स्वतःशीच म्हणाली, "माजीच चूक. मीच लाडावला त्याला."

तिच्या सांगण्यावरून मी त्याला बांधकामाच्या ट्रकमधून पालघरला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मान नीट पाहिली. "ही खरूज नव्हे. खरूज अशी सरळ रेघेत येते का? दोन बोटं रुंद, गळ्याभोवती गोल. ओला पट्टा होता हा. कुणी बांधला?"

"कुणीतरी बांधला असेल," मी म्हटलं.

त्यांनी कडेचे केस कापले, मलम दिलं, धुवायला लाल औषधाची पूड दिली. "बरा होईल. मग पोहू दे खुशाल, फक्त कोरडा करत जा."

परतीच्या वाटेवर तो माझ्या पायावर डोकं ठेवून बसला होता. डॉक्टरांचा निरोप जसाच्या तसा सांगायचा तर पट्ट्याचंही सांगावं लागणार होतं. काकी वाटेवरच उभी होती.

"काय बोलला डागतर?"

"पाण्यापासून लांब ठेवायला सांगितलंय," मी म्हटलं.

जखम पंधरा दिवसांत भरली. काकीने त्याला पोटाभोवती मऊ लुगड्याची पट्टी घालून मागच्या पडवीत बांधलं. पुनवेला होड्या पाण्यात गेल्या तेव्हा तो रडला, सगळ्या वस्तीने ऐकलं. "ऱ्हाऊ दे त्याला," होडीवाला म्हणाला आणि त्याच्याशिवाय गेला.

पुढे त्याला मोकळा सोडू लागले, तेव्हा तो पाण्यापासून लांब राहायला शिकला होता. माझ्या उंबऱ्यावर मात्र पुन्हा आला नाही. बोईसरच्या क्वार्टरात जाण्याआधी निरोप घ्यायला मी किनाऱ्यावर गेलो. आता तार येत नव्हती, म्हणून काकी दुपारपासून पाट्या घेऊन वाळूत बसलेली असायची. होडी खाडीच्या तोंडाशी दिसली. कुत्रा पाण्याच्या कडेपर्यंत गेला, एक पाय आत ठेवला आणि मागे वळून तिच्याकडे बघत राहिला.

"नाय रं," ती म्हणाली.

त्याने पाय काढून घेतला आणि बसला.

"तुमी डागतराकडं नेला म्हनून वाचला, भाऊ," काकी मला म्हणाली. "तुमचे उपकार हायत."

सगळं सांगायला चार वाक्यं पुरली असती. ती चार वाक्यं माझ्याजवळ होती, आजही आहेत.

"त्यात काय, काकी," मी म्हटलं.