आधी बांधायचं, मग काढायचं

गोंदियाच्या फलाटावर आई माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून पाहत होती. बाबा रेल्वेत गँगमन. त्या दिवशी ते रुळांवर होते, म्हणून निरोपाला ती एकटीच आली होती. माझं नर्सिंग नुकतंच झालं होतं. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आणि तिथल्या समता कॉलनीतल्या एका नव्या हॉस्पिटलात मला नोकरी लागली होती. गाडी हलली तशी आई खिडकीचा गज धरून चालू लागली. म्हणाली, "तू साऱ्यायले पाहशीन वं पोट्टे, पण तिथं तुले कोण पाहीन?"

मी हसून हात हलवला. आमगाव स्टेशन यायच्या आत रुमाल ओला झाला होता.

तुम्ही जे गावातच राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे पेटी उचलून निघालात, त्या सगळ्यांना हे सांगतेय. आईच्या त्या प्रश्नाला माझ्याकडं कितीतरी वर्षं उत्तर नव्हतं. फोनवर मी "मस्त आहे गं" म्हणायची, आणि तिला ते खोटं कळायचं. काळजी करणं हा आमच्या घराण्याचा धंदाच. मी फक्त त्याचा पगार घ्यायला लागले.

रायपूरच्या बूढ़ापारा वस्तीत मी एका खोलीत राहत होते. घरमालकीणबाई हिंदीत बोलायच्या, भाजीवाली छत्तीसगढीत, आणि मी मनातल्या मनात आमच्या गोंदियाच्या बोलीत घाबरायची. गावात जिकडंतिकडं रस्ते खणलेले, नव्या पाट्या लागलेल्या. सगळं शहरच माझ्यासारखं नवीन नोकरीवर रुजू झालंय असं वाटायचं. कॉलेजात आमच्या मॅडम शिकवायच्या की पेशंट म्हणजे नुसता आजार नव्हे. त्याचं मन, त्याचं घर, त्याचा देव, सगळं पलंगावर त्याच्यासोबत येतं. परीक्षेत मी हे झकास लिहिलं होतं. वॉर्डात मात्र दिवस ताप, नाडी आणि सलाईन बघण्यातच संपायचा.

मग भनपुरीची एक बाई आली. पित्ताशयाचं ऑपरेशन. नवरा ट्रक घेऊन ओडिशाकडं गेलेला. ऑपरेशनच्या आधी अंगावरचं सगळं उतरवावं लागतं, म्हणून मी साबणाचं पाणी घेऊन गेले, तर तिनं दोन्ही हात छातीशी धरले. "मोर घरवाला गाडी म हे दीदी, चुरी झन उतार." नवरा रस्त्यावर असताना चुड्या, म्हणजे बांगड्या, उतरवायच्या नाहीत. बीपी इतकं चढलं की डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर आज ऑपरेशन नाही.

आणि मला आमच्या दारात बसणारी कासारीण आठवली. आईच्या हातातल्या जुन्या बांगड्या उतरवताना ती एक ठेवायचीच. नवी चढली की मगच ती शेवटची निघायची. बाबा रुळांवर, तेव्हा हात घटकाभरही उघडा पडता कामा नये. मी गॉजची पट्टी फाडली आणि चुड्यांच्या मागं, कोपराच्या बाजूला, बाईच्या दोन्ही मनगटांना बांधली. "आता हात रिकामे नाहीत," असं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. बाईनं पट्टी बोटानं चाचपली आणि स्वतःच हात पुढं केले. साबणाच्या पाण्यानं एकेक चुडी निघाली. थोड्या वेळानं बीपी उतरलं.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात तशीच रीत पडली. आधी बांधायचं, मग काढायचं. नव्या मुली आल्या की मी त्यांना इंजेक्शनच्याही आधी हे शिकवायची.

पुढं बाबा गेले. आई गोंदियाचं घर सोडायला तयार होईना. गेल्या वर्षी तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा कुठं तिला रायपूरला आणता आलं, माझ्याच हॉस्पिटलात. ऑपरेशनच्या दिवशी पल्लवी ड्यूटीवर होती. ती इथंच जन्मलेली मराठी मुलगी, मराठी सगळं समजतं तिला, बोलते मात्र हिंदीत. आईचे बांगड्यांविना हात पाहून म्हणाली, "आजी का तो कुछ उतारना ही नहीं है."

होतं. पोलक्याच्या आत, पिनेला अडकवलेली घराची किल्ली. आई ती देईना. "घरात कोणीच नाही वं, पहिल्यांदा कुलूप लागलं," म्हणाली आणि तिचा श्वास जोरात चालू लागला. इतरांना शिकवणारी मी, पण तिला नुसतं "दे ना गं" म्हणत राहिले. पल्लवीनंच पट्टी फाडली, आईच्या मनगटाला बांधली, आणि मग हळूच किल्ली सोडवून माझ्या हातात दिली. आई आत गेली.

बाहेरच्या बाकावर मी किल्ली मुठीत आवळून बसले. किती तरी नातेवाइकांना मी "घबराओ मत" म्हटलं असेल, ते किती पोकळ शब्द आहेत हे त्या बाकावर कळलं. आतून काही कळत नव्हतं. पल्लवी कधी शेजारी येऊन बसली मला समजलंही नाही. तिनं माझा हात ओढला आणि उरलेली पट्टी माझ्या मनगटाला गुंडाळली. "दीदी, आप भी तो डर रही हो."

मी लहान मुलीसारखी रडले.

संध्याकाळी आई शुद्धीवर आली. ओठ सुकलेले. पहिला शब्द, "किल्ली?" मी मूठ उघडून दाखवली. पण तिची नजर किल्लीवर थांबली नाही, माझ्या मनगटावर गेली.

"हे तुले कोणं बांधलं?"

"आमच्या इथल्या पोट्टीनं."

तिनं ती पट्टी बोटानं चाचपली. मग माझी बोटं किल्लीवर मिटवत म्हणाली, "राहू दे मंग तुह्यापाशीच."