एकोणिसावी चूल

फोन शालनचा होता. शालन म्हणजे निपाणीत आक्कांच्या शेजारच्या खोलीत राहणारी, विड्या वळून घर चालवणारी बाई. तिला फोनची सवय नाही, त्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानातून ती ओरडूनच बोलत होती. "वैनी, आक्का गेल्या... सकाळी दार उघडंना झालं म्हणून आमी कडी तोडली..." पुढचं मला ऐकू आलं नाही, की मीच ऐकलं नाही, हे आता सांगता येत नाही. मी गॅस बंद केला, दूधवाल्यासाठी दाराला चिठ्ठी लावली, तुमच्या बाबांना तार केली आणि निपाणीच्या बसमध्ये बसले. आधी कामं उरकायची, रडायचं नंतर, ही माझी जन्माची सवय. संकेश्वर मागे पडलं तेव्हा कुठे डोळ्यांत पाणी आलं.

मीरा, समीर, तुमच्या आक्काआजीबद्दल हे मी नीट क्रमाने लिहायचं ठरवलं आहे. मराठी तुम्हाला वाचता येत नाही, तेव्हा बाबा इंग्रजी करून वाचून दाखवतील. आक्का तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला. मग शिकल्या, शिक्षिका झाल्या. पहिली नेमणूक जांबोटीकडच्या रानातली, नंतर निपाणीला, विडी कामगारांच्या मुली जिथे येत त्या शाळेत. शिक्षकांच्या मागे जनगणनेचं काम लागतं. इतर लोक ते टाळायला बघत, आक्का आवडीने करत. जांबोटीच्या बाजूला चार घरांच्या वाडीसाठी त्या दोन-दोन तास चिखलातून चालत जात. त्यामुळे एक खोड लागली ती कायमची. कुणाच्याही घरी गेल्या की पाण्याचा पेला हातात घेऊन पहिला प्रश्न, "चुली किती? खाणारी तोंडं किती?" लग्नाआधी मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, माझ्या माहेरी असले प्रश्न कुणी विचारत नसे. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची.

तुम्ही परदेशातून बेळगावला आलात त्याला सहा वर्षं होतील. तुमचे आजोबा आदल्या वर्षी गेले होते. मीरा दहा वर्षांची, समीर बाराचा. बाबा निपाणीला जाऊन आक्कांना घेऊन आले होते. पाऊस महिनाभर हटला नाही आणि तुम्हाला बाहेर पडता येईना, तेव्हा समीरने ट्रंकेतून तो खोका काढला. त्यात इंग्रजी नियमांचं पुस्तक होतं आणि आठ बाजूंचे, वीस बाजूंचे रंगीत फासे होते. खेळ असा, की एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि कुठे काय घडतं ते फाशांनी ठरवायचं. समीरच्या गोष्टीत त्या दिवशी डोंगरातली एक रानटी टोळी येणार होती. आक्का तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्या मध्येच म्हणाल्या, "रानटी म्हंजे? रानात ऱ्हात्यात म्हणून? मग जांबोटीची समदी रानटीच की." मी दोन्हीकडचं भाषांतर करत होते. समीरने पुस्तकात बोट ठेवून वाचलं : चाळीस योद्धे, एक सरदार, एक मांत्रिक.

"बाया किती?" आक्कांनी विचारलं.

समीरने पान उलटलं. बायका दिलेल्या नव्हत्या.

"पोरं?"

तीही नव्हती.

"मग ही चाळीस गडी काय झाडाला लागली व्हय रं? त्यास्नी जेवाय कोण घालतंय? कातडी कोण कमावतंय? म्हातारी कुठं हायत?" आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "विमल, ह्याला सांग, हे पुस्तक लिवणारा कदी कुणाच्या सैपाकघरात गेल्याला न्हाय."

मी हे शब्दशः सांगितलं नाही. पण समीर हसला, म्हणजे त्याला समजलं असावं. आक्कांनी ताट बाजूला सारलं, माझ्याकडून रेघी वही मागून घेतली आणि त्यात रकाने आखले : चूल क्रमांक, कर्त्या माणसाचं नाव, वय, नातं, काम. चाळीस लढणारे पुरुष हवेत तर टोळी पावणेदोनशेच्या खाली असूच शकत नाही, असा त्यांचा हिशेब होता. शेवटी एकतीस चुली झाल्या आणि एकशेसत्त्याऐंशी माणसं. वयं फाशांवर ठरली. नावं मीराने दिली, तिच्या वर्गातल्या मुलींची, त्यामुळे आमच्या टोळीत सत्त्याहत्तर वर्षांची एक जेनिफर होती. आक्का तिला जनी म्हणत. कुठल्या चुलीची मुलगी कुठल्या चुलीत द्यायची, दूध-दुभतं कुणी सांभाळायचं, मेंढरामागे कितव्या वर्षी जायचं, सगळं ठरलं. लढाई कधी करायची ते सरदाराने सांगायचं, पण मुक्काम कधी हलवायचा ते सुईणीने. समीरला ते पटेना. आक्का म्हणाल्या, "कुठली बाई कदी बाळंत हुणार हे सरदाराला ठावं असतंय व्हय? वाटंत काय करशील? तलवारीनं नाळ कापशील?"

मी या सगळ्याकडे थोड्या वरून पाहत होते, हे कबूल करते. आक्कांनी मलाही विचारलं, "तू एक माणूस घे की गं." मी म्हटलं, मला भाषांतराचं काम पुरे आहे.

मग एक दिवस फाशांनी मोठा हिमवर्षाव पाडला. त्याआधीच्या लढाईत एकोणिसाव्या चुलीचे दोन्ही मुलगे मेले होते. सून मुलाला घेऊन आपल्या वडिलांच्या चुलीवर गेली. एकोणिसाव्या चुलीवर एकटी जेनिफर उरली. समीरने पुस्तक पाहून सांगितलं, की अशा टोळ्यांत निरुपयोगी म्हाताऱ्यांना बर्फात सोडून देतात. मीरा रडायला लागली. आक्का वहीवरचा तो रकाना बोटाने पुसत होत्या, जणू तिथे काही सांडलं होतं... मग म्हणाल्या, "आपल्या टोळीत एका माणसाची चूल ठेवायची न्हाय. बरफाच्या आदी दुसऱ्या कुठल्या तरी चुलीनं जनीला बोलवायचं. दिवस ठरवून बोलवायचं. पण जनीनं मागायचं न्हाय. मागून घेतलं तर घास गिळंना हुतोय."

समीरने विचारलं, ती त्यांची सख्खी असली तरी बोलवायचं? सख्ख्यांना कशाला आमंत्रण?

आक्का म्हणाल्या, "सख्ख्यांनी तर आदी बोलवायचं."

हे वाक्य मीच इंग्रजीत केलं. तुमच्या त्या नियमांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात ते लिहिलेलं असेल. जेनिफर सातव्या चुलीवर गेली, मीराचे डोळे पुसून झाले आणि आम्ही सगळ्यांनी भजी खाल्ली.

तुम्ही परत गेल्यावर खेळ पत्रांतून चालला. फासे तुमच्याकडे, वही आक्कांकडे. महिन्याला एक निळं हवाई पत्र यायचं : चौथ्या चुलीत मुलगी झाली, बाविसावीतला म्हातारा गेला. आक्का उलट टपाली विचारायच्या, बाळंतिणीचं दूध पुरतंय का, म्हाताऱ्याची मेंढरं कुणाकडे गेली. पत्रं माझ्या पत्त्यावर येत. मी भाषांतर करून निपाणीला पाठवत असे. दोन वर्षं हे चाललं, मग तुमची शाळा वाढली, पोहणं आलं, मित्रमैत्रिणी आल्या. मीराचं शेवटचं पत्र चार ओळींचं होतं आणि त्यात टोळी नव्हती. मी ते घेऊन स्वतः निपाणीला गेले. आक्कांनी ऐकून घेतलं. "पोरं मोठी झाली. बरं झालं," इतकंच म्हणाल्या. तुम्हाला दोष द्यायला हे लिहीत नाही. मुलांनी मोठं व्हायचंच असतं.

पण वही त्यांनी मिटली नाही. दर गुढीपाडव्याला त्या प्रत्येकाचं वय एकाने वाढवत. मी म्हटलं, मग एखादं लग्न लावा, मूल जन्माला घाला, तुमच्याच हातात आहे. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की जणू मी जनगणनेत खोटं लिहायला सांगितलं होतं. "फाशाबिगर कसं? जल्म न्हाय आन् मरान बी न्हाय." तेव्हापासून टोळीत कुणी जन्मलं नाही, कुणी मेलं नाही. सगळी माणसं नुसती म्हातारी होत राहिली.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते. आजोबा गेल्यावर बेळगावात टिळकवाडीच्या या घरात मी एकटी, आणि पन्नास मैलांवर निपाणीत आक्का एकट्या. आक्कांनी इथे येऊन राहावं, निदान दिवाळीला तरी यावं, असं मला फार वाटायचं. दर वर्षी मी मागची खोली झाडून घेत असे, गादीला ऊन देत असे, त्यांना आवडतात म्हणून कमी गोडाच्या करंज्या करत असे. पण 'या' म्हणून पत्र मी कधी लिहिलं नाही. हे घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. त्या थोरल्या, मी पाठच्या भावाची बायको. मी त्यांना आमंत्रण द्यायचं म्हणजे घर माझं आणि त्या पाहुण्या, असा अर्थ झाला असता. तो अपमान माझ्या हातून होऊ नये म्हणून मी गप्प राहिले. दिवाळी झाली की फराळाचा डबा घेऊन मीच निपाणीला जायची. गेल्या खेपेला आक्का डबा उघडता उघडता म्हणाल्या, "दिवाळीत घरात गडबड असंल की गं?" मी म्हटलं, "कसली गडबड आक्का, मी एकटीच. तुम्हाला काय, घर तुमचंच आहे. केव्हाही या." त्यांनी मान हलवली. करंजी मोडून अर्धी मला दिली. आणि मग आम्ही दोघी पाण्याच्या नळाबद्दल बोललो...

त्यांच्या दिवसांनंतर खोली आवरायला गेले, तेव्हा शालन मदतीला आली. कपाटाच्या खाली एक कापडी पिशवी होती, त्यात दोन धुतलेली लुगडी, पंचा, औषधाची बाटली. मी विचारलं, आक्का कुठे जाणार होत्या का?

"दर दिवाळीला भरत हुत्या की," शालन म्हणाली. "बेळगावास्नं पत्र आलं की निगायचं म्हनायच्या. मी म्हनायची, आवो तुमचंच म्हायार न्हवं, जावा की तशाच. तर म्हनायच्या, भाऊ गेला, आता त्या घरात विमलची चूल हाय. तिनं बोलवाय पायजे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ती घाईने म्हणाली, "राग न्हवता हां वैनी. कामात असंल विमल, असंच म्हनायच्या."

मी तिथे जमिनीवरच बसले. शालनने चहा करून आणला. तो निवून गेला तरी तिने दुसरा केला नाही, शेजारी बसून राहिली, हे तिचे उपकार.

नियम मला ठाऊक होता. मीच तो इंग्रजीत उतरवला होता, व्याकरणात एक चूक न करता. आक्का मला सांगत होत्या आणि मी फक्त भाषांतर केलं.

वही आता माझ्या टेबलावर आहे. परवा पाडव्याला मी दुपारभर बसून सगळ्यांची वयं एकाने वाढवली. अक्षर मध्येच बदललेलं दिसतं, त्याला इलाज नाही. वाढवताना कळलं, की याला वेळ लागतो तो आकड्यांमुळे नाही. प्रत्येक नावापाशी थांबावंसं वाटतं. जेनिफर त्र्याऐंशी वर्षांची झाली, सातव्या चुलीवर बरी आहे.

तुमचे बाबा पत्रात नेहमी लिहितात, "आई, घर तुझंच आहे, केव्हाही ये." तो मनापासून लिहितो. मीही मनापासूनच म्हणत होते. मी रागावलेली नाही, पण माझी ट्रंक या महिन्यात दोनदा उघडून बंद झाली आहे, हे वाचताना त्याला कळेलच.

आणि तुमच्यासाठी : हे घर तुमचंच आहे, तरीही मी बोलावते आहे. येताना फासे आणा, टोळीत चार वर्षांत एकही मूल जन्मलेलं नाही. जूनच्या तिसऱ्या रविवारी या. मिरजेला गाडी बदलावी लागते. बेळगाव स्टेशनवर मी उभी असेन.