आवाज वाढवा

अण्णांनी देवाच्या गळ्यातला हार काढला आणि विचारलं, "हा कुणी केलाय?"

मी हात वर केला. वाटलं, शाबासकी मिळणार. निशिगंध आणि लाल गुलाबाचा हार होता, पहाटेपासून बसून केलेला. आमच्याच मळ्यातली फुलं.

"हिनं?" अण्णा शेजारच्या बाईंकडे वळले. "अहो, आज पाहुणे येणार आहेत. पेशंटच्या हातचा हार देवाला?"

हार खुर्चीवर टाकला. माणूस पाठवून बाजारातून दुसरा आणला. हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं होती. भजन सुरू झालं आणि मी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची मला आजही शरम वाटते.

आणि हे मंडळ आमच्यासारख्यांसाठीच काढलेलं. 'मनानं खचलेल्यांना देवाचा आधार' असं बाहेर फळ्यावर रंगवलेलं. अण्णा अध्यक्ष. शहरात दोन दुकानं, पांढराशुभ्र शर्ट, गोड बोलणं. दर रविवारी भजन, प्रसाद आणि अण्णांचे चार शब्द.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला आवाज ऐकू यायला लागले. कुणी नसताना बायका माझ्या नावानं कुजबुजायच्या. नवऱ्यानं नाशिकला माहेरी आणून सोडलं, पुन्हा फिरकला नाही. दादा म्हणायचा, फुलबाजारात येऊ नको, गिऱ्हाइकं बघतात. वहिनीनं माझा कप वेगळा केला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गोळ्या सुरू केल्या तसे आवाज लांब गेले. पण गोळी शेजारी येऊन बसत नाही. मंडळात माणसं बसायची. जेवलीस का म्हणून विचारायची. खोटं कशाला बोलू? पहिल्या रविवारी घरी आले आणि आईला म्हणाले, "मला माणसांत घेतलं."

"लय बरं झालं, पोरी," आई म्हणाली. रडली.

तिथंच भास्करभाऊ भेटला. अंबडच्या कारखान्यात टर्नर. त्यालाही आवाज यायचे. मोजकंच बोलायचा. एकदा म्हणाला, "ताई, मशीन चालू असलं ना, की मला कुणी बोलत नाही. सुट्टीच नको वाटते." आम्ही दोघं खूप हसलो. आजारावर हसलेली ती पहिली वेळ.

मग अण्णांनी देवापुढे ताट ठेवलं.

"एक तर देवावर विश्वास ठेवा, नाहीतर गोळीवर," म्हणाले. "ज्याची श्रद्धा खरी, त्यानं गोळ्या इथं आणून ठेवाव्यात."

लोक ठेवायला लागले. ठेवलं की टाळ्या. मीही एक पाकीट ठेवलं. सोमवारी दवाखान्यात जाऊन दुसरं आणलं, तांदळाच्या डब्यात लपवलं आणि रोज घेत राहिले. मी बरी दिसत होते. अण्णा मला उभं करून सगळ्यांना दाखवायचे, "बघा. गोळीशिवाय गुण आला."

भास्करभाऊनं मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, खरंच सुटल्या तुझ्या?"

मी म्हणाले, "हो."

त्यानं सगळी पाकिटं ताटात ठेवली.

महिन्याभरानं एका रविवारी भजन चालू असताना तो उठला आणि कानांवर हात मारून ओरडायला लागला. दोन कार्यकर्त्यांनी त्याला उचललं. मागं एक कोठी होती, सतरंज्या-भांड्यांची. तिथं नेऊन दोरीनं बांधला आणि बाहेरून कुलूप घातलं. आत तो पायांनी दार बडवत होता. हॉलमध्ये ऐकू येत होतं.

अण्णा डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "आवाज वाढवा."

माइकचा आवाज वाढवला. सगळे जोरात गायला लागले. मीही गायले.

दीड तासानं कुलूप काढलं. मनगटं सोलली होती. पँट ओली. त्याची आई रिक्षा घेऊन आली. तिला अण्णांकडे बघायची हिंमत नव्हती, तिनं मला विचारलं, "तुला तर गुण आला ना गं?"

त्याची नोकरी गेली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, पण तो पहिला भास्करभाऊ परत आला नाही. बंद दाराआड तो आता झोपतसुद्धा नाही. थंडीतही दार उघडं लागतं.

मंडळाच्या वर्धापनदिनाला अण्णांनी मला अनुभव सांगायला लावलं. नवी साडी नेसवली. पुढच्या रांगेत नगरसेवक, डॉक्टर, व्यापारी. मी माइकपुढे उभी राहिले. कमरेचं पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि सगळ्यांसमोर गिळली.

"मी रोज घेते," म्हणाले. "एक दिवस सोडली नाही. यांना खोटं सांगितलं, भास्करलाही खोटं सांगितलं. त्यानं सोडल्या. यांनी त्याला मागच्या कोठीत बांधला..."

माइक बंद झाला. मी तशीच ओरडून बोलत राहिले.

"झटका आलाय तिला," अण्णा म्हणाले. "धरा."

तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला. खोटं बोलले तेव्हा मला गुण आला होता. खरं बोलले की झटका. म्हणजे आमचा आजार किती, हे ठरवणारे हेच.

तेच दोघं कार्यकर्ते पुढे आले. मागच्या रांगेतून माझी आई उठली. आयुष्यात कुणाला उलटून न बोललेली बाई.

"हात लावशील तर हात मोडीन तुझा. माझी पोर हाय ती."

ते थांबले.

पुढच्या रविवारपासून मी मंडळाच्या फाटकाबाहेर उभी राहायला लागले. नवीन माणसं आली की सांगायचं. भजनाला जरूर बसा, गोळ्या सोडू नका, मागची कोठी बघून या. बास. देवाशी माझं भांडण नव्हतं. अण्णांनी पोलीस बोलावले. हवालदार म्हणाला, "तू पेशंट ना?"

"पेशंट आहे. साक्षीदारपण आहे."

दादानं महिनाभर अबोला धरला. मंडळ त्याच्याकडून फुलं घ्यायचं, ते गिऱ्हाईक तुटलं होतं. मी रविवार चुकवला नाही. वर्षं गेली. माणसं कमी झाली. ताट गेलं. कोठीचं कुलूप गेलं. मला बरं वाटलं. कुणाचं वाटोळं झालेलं बघून बरं वाटू नये म्हणतात. मला वाटलं.

भास्करभाऊच्या दारात जाऊन मी सांगितलं की त्यानं गोळ्यांचं विचारलं त्या दिवशी मी खोटं बोलले. त्यानं ऐकून घेतलं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. त्यानं मला माफ केलं नाही. बरोबर केलं.

गेल्या महिन्यात अण्णांचा मुलगा मळ्यावर आला. चपला बाहेर काढून बसला.

"अण्णा थकलेत हो ताई. तुमची माफी मागायची म्हणतात. घरी चहाला या."

"माझी नको. भास्करची मागा. त्याच हॉलमध्ये, माइकवर. सगळी दारं उघडी ठेवून."

"या वयात त्यांना लोकांसमोर असं..."

"भास्करला लोकांसमोरच उचललं होतं."

तो उठून गेला.

अण्णांना गाडीतून उतरवायला आता दोन माणसं लागतात. माझ्यासमोरून जाताना ते मान खाली घालतात. मी घालत नाही. रविवारी मी फाटकावर असते. ते बोलले नाहीत आणि तसेच वारले, तर मी त्यांच्या मुलाकडून माफी वदवून घेईन. त्याच माइकवर.

मला माफ करायचं नाही. मला ऐकायचंय.